खलपांच्या नावापुढे शून्य? आधी संसद कशी चालते ते बघा

पेडण्याचा मास्तर
काल एका भाऊंनी गोव्याच्या माजी खासदारांचं प्रगतिपुस्तक टाकलं. रमाकांत खलप (1996, तेव्हाचा पणजी मतदारसंघ, महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष म्हणजे मगो) यांच्या रकान्यात प्रश्न शून्य, खासगी विधेयकं शून्य, मतदानाची नोंद नाही. खाली शेरा: 'दिल्लीची हवा खाऊन आले'. रात्री झोप लागेना, म्हणून लिहितोय.

अहो, हा माणूस देवेगौडा आणि गुजराल यांच्या सरकारात कायदा राज्यमंत्री होता. मंत्री प्रश्न विचारत नाही, उत्तरं देतो. हजेरीच्या वहीत त्याची सहीही नसते. खासगी विधेयक मंत्री नसलेल्यानं मांडायचं असतं, ते यांच्या नावावर येणार कुठून? तशीही आजवर अशी 14 विधेयकंच मंजूर झालीत, शेवटचं 1970 साली. आणि मतदान? बहुतेक विधेयकं आवाजी मतदानानं निघतात. कुणी मतविभागणी मागितली तरच कोण कुठल्या बाजूला ते कागदावर येतं. घटनादुरुस्तीला ती लागतेच.

12 सप्टेंबर 1996 ला महिलांना एक तृतीयांश जागा देणारं 81 वं घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेत मांडलं ते मांद्र्याच्या या माजी आमदारानं. त्याच वर्षी लोकप्रतिनिधित्व कायदा बदलला. लोकसभेच्या उमेदवाराची अनामत रक्कम 500 रुपयांवरून 10,000, प्रचाराचे दिवस घटून 14, एका उमेदवाराला जास्तीत जास्त दोन मतदारसंघ. लवाद कायदाही त्याच वर्षीचा. हे सगळं त्यांच्याच खात्याचं काम. शून्य म्हणे!

डिचोलीकर
मास्तर, प्रगतिपुस्तक माझंच. मंत्र्यांचा रकाना वेगळा हवा होता, बरं, तेवढं तुमचं. आता पुढचं ऐका. विधेयक मांडणं आणि कायदा करणं यात पणजी ते दिल्लीएवढं अंतर आहे. महिला विधेयक तपासणाऱ्या गीता मुखर्जींच्या संसदीय समितीनं डिसेंबर 1996 मध्येच अहवाल दिला. पुढचं अख्खं वर्ष विधेयक पडून. विरोध करणारे कोण? त्यांच्याच आघाडीतले. 4 डिसेंबर 1997 ला लोकसभा विसर्जित, विधेयक बुडालं. मतदानच झालं नाही, तर नोंद कसली दाखवू? आणि अनामत वीसपट केली त्याचं कौतुक कसलं? गावातल्या साध्या माणसानं अपक्ष उभं राहूच नये, एवढाच त्याचा अर्थ.

फोंड्याचा वकील
व्हिप, म्हणजे कसं मत द्यायचं याचा पक्षाचा आदेश, असताना खासदाराच्या मताला अर्थच काय? 1985 पासून पक्षांतरबंदी आहे, आदेश मोडला तर खासदारकी जाऊ शकते. ही प्रगतिपुस्तकं अमेरिकेत शोभतात.

डिचोलीकर
वकीलसाहेब, लोकसभेत मगोचा खासदार एकच. व्हिप काढणार कोण आणि कुणावर? आरशासमोर उभं राहून?

पेडण्याचा मास्तर
व्हिप नसला तरी मंत्रिमंडळ असतं ना. 11 एप्रिल 1997 ला देवेगौडांचा विश्वासदर्शक ठराव लोकसभेत पडला. त्यात मंत्री सरकारच्या विरोधात हात वर करणार का? त्या मतावरून माणूस ओळखू येत नाही, एवढंच माझं म्हणणं.

साखळीची सून
तुम्हा पुरुषांचं महिला विधेयकावर चाललंय ते वाचून करमणूक होतेय. मी महिलांसाठी राखीव वॉर्डातून ग्रामपंचायतीत पंच होते. पहिल्या बैठकीला सचिवानं ठरावाची वही माझ्यासमोरून उचलून माझ्या नवऱ्यासमोर ठेवली. तो नुसता मला सोडायला आला होता. त्यानंही पेन काढलं! मी वही ओढून घेतली. पुढे कार्यकाळ संपेपर्यंत त्या पंचायतीत मी 'भांडखोर बाई'. तरी आरक्षण नसतं तर मी त्या खुर्चीपर्यंत पोचलेच नसते. 2023 ला लोकसभेत 454 विरुद्ध 2 नं कायदा झाला, तोही जनगणना आणि फेररचनेच्या मागे टांगून. 2022 ला आपल्या विधानसभेत 40 पैकी बायका किती निवडून आल्या? तीन. 2023 च्या 27 वर्षं आधी ते मांडणाऱ्याला मी श्रेय देईन. पण हार घालणार नाही.

म्हादयकाठ
महिला, अनामत सोडा. मराठीचा झेंडा घेतलेल्या मगोच्या तिकिटावर निवडून गेलेल्या कायदामंत्र्यानं मराठीसाठी काय केलं? 1992 ला कोकणी आठव्या अनुसूचीत गेली आणि गोव्यात मराठीची पाटी कायमची दुय्यम झाली. माझा मराठीतला अर्ज एका सरकारी कचेरीतल्या बाईंनी परत केला. 'इंग्लिशीत बरोवन हाड' (इंग्रजीत लिहून आण) म्हणाल्या. कोकणीतूनसुद्धा नको, इंग्रजीतून!

फोंड्याचा वकील
राजभाषा कायदा गोवा विधानसभेनं केलाय, 4 फेब्रुवारी 1987 ला. मराठी वापरायची सोय त्यातच आहे. केंद्रातला कायदामंत्री त्यात बोट घालू शकत नाही. आणि मराठी बुडाली ती शाळांत. 1990 ला तेव्हाच्या शिक्षणमंत्री शशिकलाताई काकोडकरांनी सरकारी अनुदान प्रादेशिक भाषांतल्या प्राथमिक शाळांपुरतं ठेवलं होतं. 2011 ला काँग्रेसच्या कामत सरकारनं ते इंग्रजीला खुलं केलं. 2012 ला आलेल्या भाजपवाल्यांनी विरोधात बसून रान उठवलं होतं, सत्तेत येऊन तेच चालू ठेवलं.

म्हादयकाठ
हे बरोबर! दोन्ही पक्षांनी मिळून मराठी शाळेचा गळा दाबला. आमच्या वाड्यावरच्या शाळेत आता रेशनचं सामान ठेवतात.

डिचोलीकर
दाबला कुणी? तुमची नातवंडं कुठल्या माध्यमात आहेत ते सांगा आधी.

म्हादयकाठ
ते वैयक्तिक आहे.

डिचोलीकर
वा! अनुदानाचा निर्णय सरकारचा आणि प्रवेशाचा फॉर्म मात्र वैयक्तिक.

म्हादयकाठ
तोंड सांभाळून बोला. मी मराठीसाठी मोर्चात लाठ्या खाल्ल्यात, तुम्ही तेव्हा चड्डीत असाल. सुनेनं नाव घातलं कॉन्व्हेंटात, मी काय करू?

साखळीची सून
शेवटी सुनेवरच आलं ना सगळं? फॉर्मवर सही कुणाची, ते बघून सांगा.

पेडण्याचा मास्तर
लाठ्या मीही पाहिल्यात, पण धागा खलपांचा होता. डिचोलीकर, रकाना बदलताय की नाही?

डिचोलीकर
बदलतो. 'मंत्री असल्यामुळे प्रश्न व खासगी विधेयकं लागू नाहीत. एक घटनादुरुस्ती मांडली, मंजूर झाली नाही.' अनामतवाढही त्यांच्याच खात्यावर घालतोय, कौतुकाच्या नव्हे तर तक्रारीच्या रकान्यात. हवेचा शेरा काढलाय. मात्र 2024 ला काँग्रेसच्या तिकिटावर भाजपच्या श्रीपादभाऊ नाईकांसमोर हरले, हे राहणार. लोकांनी दिलेलं मत तरी नोंदीत आहे ना?

पेडण्याचा मास्तर
ठेवा. मग 1996 ला लोकांनी त्यांना निवडून दिलं तेही त्याच्याच वर लिहा.