अटॅकनंतर चौथ्या दिवशी बंद सापडलेली धमनी उघडायची की नाही?

कृष्णाकाठ:
काकांनी छातीतली जळजळ पित्त म्हणून अंगावर काढली. अँजिओग्राफी झाली ती थेट चौथ्या दिवशी. एलएडी (हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त देणारी डावीकडची मुख्य धमनी) १०० टक्के बंद, टू-डी इको म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीवर पंपिंग (दर ठोक्याला हृदय बाहेर ढकलतं तो रक्ताचा वाटा) ३५ टक्के. रिपोर्टच्या तळाशी एक ओळ होती: 'आरसीएकडून रेंट्रॉप ग्रेड २ कोलॅटरल'. म्हणजे बंद एलएडीच्या पुढच्या भागात उजव्या धमनीकडून (आरसीए) कोलॅटरल नावाच्या बारीक जोडवाहिन्यांतून, मागच्या दाराने, थोडंफार रक्त पोचतंय; रेंट्रॉप ही त्याची प्रतवारी. "आजच स्टेंटसाठी सही करा" असं घरच्यांना सांगितलं गेलं, पण या ओळीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

काकांना आता दुखत नाही, दम लागत नाही. अशा पेशंटला घाई करू नये असं माझं ठाम मत आहे. २००६ चा ओएटी अभ्यास नेमका यावरच होता. अटॅकनंतर ३ ते २८ दिवसांत धमनी पूर्ण बंद सापडलेले, पण स्थिर असलेले २१६६ पेशंट. काहींना अँजिओप्लास्टी आणि औषधं, काहींना नुसती औषधं. मृत्यू, पुन्हा अटॅक किंवा गंभीर हार्ट फेल्युअरचं चार वर्षांतलं प्रमाण अनुक्रमे १७.२ आणि १५.६ टक्के. उशिरा उघडून काही हाती लागलं नाही.

रातपाळी:
आयसीसीयूत नोकरी करते, म्हणून राहवत नाही. हे अर्धवट वाचून उद्या कुणी छातीत दुखत असताना 'शरीर आपली वाट काढतं' म्हणत घरी बसेल. धमनी बंद झाली की स्नायू आतल्या थराकडून बाहेर मरत जातो. कोलॅटरल चांगल्या असल्या तर तो वेग मंदावतो, एवढंच. पहिल्या तासांत धमनी उघडण्याला पर्याय नाही.

आणि ओएटीत बसल्या जागी दुखणारे, गंभीर हार्ट फेल्युअरवाले, तिन्ही धमन्यांत मोठे ब्लॉक असलेले पेशंट घेतलेच नव्हते. काकांच्या बाकी दोन धमन्या कशा आहेत? रक्त पुरवणारी आरसीएच अरुंद असेल तर सगळा हिशेब बदलतो.

कृष्णाकाठ:
पहिल्या तासांबद्दल वाद नाहीच, ताई. आरसीएत ३० टक्के, तिसरी स्वच्छ.

पर्वतीपायथा:
स्टेंटही नको, ईईसीपी ही पट्ट्यांची, बिनऑपरेशनची थेरपी करा. ३५ सिटिंग. नैसर्गिक बायपास होतो, आमच्या मामांना खूप फरक पडला.

रातपाळी:
मामांना बरं वाटलं याचा आनंद आहे, पण 'बायपास' हा शब्द जाहिरातीतला. पायांना पट्टे बांधून ठोक्यांच्या मधल्या वेळेत ते फुगवतात. त्याने अँजायना (हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखणं) कमी होतो असं १३९ पेशंटच्या अभ्यासात दिसलं. मेलेला स्नायू जिवंत होतो, आयुष्य वाढतं, असं कुठेही सिद्ध झालेलं नाही. नुकताच अटॅक आलेल्या माणसाला हे सुचवू नका.

इकोवाला:
कृष्णाकाठ, तुमचा निर्णय कदाचित बरोबर असेल, कारण मात्र पटत नाही. कोलॅटरल दिसली म्हणजे डाय (अँजिओग्राफीत धमन्या दिसाव्यात म्हणून सोडतात ते द्रव्य) हृदयाच्या पृष्ठभागावरच्या धमनीत पोचला. खालचा स्नायू जिवंत आहे की नुसता व्रण, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी एमआरआय लागतो. आणि १९९२ च्या एका अभ्यासात चांगल्या कोलॅटरल असलेल्यांच्या हृदयाच्या स्नायूची हालचाल सुधारली खरी, पण ती धमनी उघडल्यानंतर! म्हणजे तुमची ती ओळ उघडण्याच्या बाजूनेही वापरता येते.

कृष्णाकाठ:
मुद्दा मान्य. पण तो अभ्यास ४३ जणांचा. ओएटीच्याच टोस्का-२ या उपअभ्यासात ३८१ जण होते. एका वर्षात पंपिंग दोन्ही गटांत वाढलं, सरासरी ४.२ आणि ३.५ टक्क्यांनी, आणि हा फरक नगण्य ठरला. अटॅकनंतर बराचसा स्नायू मेलेला नसतो, बधिर झालेला असतो, तो आठवड्यांनी हलू लागतो. चौथ्या दिवसाचे ३५ टक्के हा अंतिम आकडा धरून घरच्यांना घाबरवणं मला चूकच वाटतं.

इकोवाला:
त्यावर पूर्ण सहमत. म्हणून तर आयसीडी (जीवघेणे ठोके शॉक देऊन थांबवणारं छातीतलं यंत्र) बसवायचा निर्णयही किमान ४० दिवस थांबून घेतात. पण आठवड्यांनंतरही पंपिंग ३५ च राहिलं तर एमआरआय टाळू नका.

रातपाळी:
मधल्या काळात चालताना छाती भरून आली, रात्री आडवं झाल्यावर दम लागून उशी वाढवावी लागली, पाय सुजले, तर ओएटी बाजूला ठेवा आणि निघा. आणि रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या, स्टॅटिन, बीटा ब्लॉकर नीट चालू आहेत ना? स्टेंट नाही म्हणून गोळ्याही लागत नाहीत, असं समजणारे पेशंट मी फार पाहते.