चांदीचे नॅनोकण आणि सासूबाईंचा संधिवात

ताई, चांदीच्या नॅनोकणांनी संधिवाताची सूज उतरते ही तुम्ही वाचलेली बातमी खोटी नाही, पण ती उंदरांवरच्या प्रयोगांची आहे. पानांच्या अर्कातली पॉलिफेनॉल्स (वनस्पतींतली नैसर्गिक रसायनं) सिल्व्हर नायट्रेट या चांदीच्या क्षारातून चांदी सुटी करतात, द्रावण तपकिरी होतं आणि १ ते १०० नॅनोमीटरचे कण मिळतात. मग उंदराच्या पंजात फ्रॉइंडचं अ‍ॅडज्युव्हंट (सूज आणणारं मिश्रण) टोचून सांधे सुजवतात. औषध दिल्यावर पंजाची जाडी आणि टीएनएफ-अल्फा (सूज वाढवणारं रक्तातलं प्रथिन) किती उतरला ते बघतात. तिथे चांगली दिसलेली कितीतरी औषधं पुढे माणसात टिकत नाहीत.

सराफ्यातून वर्ख आणून सासूबाईंच्या काढ्यात घालायचं म्हणताय, त्याचा या कणांशी काही संबंध नाही. (आपल्या इंदूरात वर्ख मिठाईवरच शोभतो!) ऑनलाइन मिळणारं कोलॉइडल सिल्व्हर, म्हणजे चांदीचे बारीक कण मिसळलेलं पाणी, तर नकोच. ते बरेच दिवस पोटात गेलं तर कातडी निळसर-करडी होते आणि तशीच राहते. अमेरिकेच्या एफडीएने (तिथल्या औषध नियामक संस्थेने) १९९९ मध्येच अशा विनाचिठ्ठी औषधांना सुरक्षित किंवा गुणकारी मानायला नकार दिला.

सासूबाईंची संधिवाताची गोळी, मेथोट्रेक्सेट, मात्र थांबवू नका. ती गोळी आठवड्यातून एकदाच असते, रोज नाही, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा. आणि या गोळीसाठी करावी लागणारी लिव्हरची तपासणी कधी झाली होती?