५० एचपीच्या आतला फोर व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर घेतलेल्यांनी सांगा, पैसे वसूल होतात का?

गोदाकाठ

राम राम मंडळी. घरची १४ एकर, त्यातली निम्मी काळी भारी, बाकी मध्यम. ऊस, सोयाबीन, हरभरा. जुना ३५ एचपीचा आहे पण ६ फुटी रोटावेटर लावला की धाप लागते त्याला, आणि पलटी (नांगर) तर दरवर्षी भाड्यानंच मारून घ्यावी लागते. आता ४५ ते ५० मध्ये बघतोय. शोरूमवाला फोर व्हीलच (चारही चाकांना ताकद) घ्या म्हणून मागं लागलाय, टू व्हीलपेक्षा (नुसती मागच्या चाकांना) लाख-सव्वा लाख जास्त सांगतो. वडील म्हणतात वजनासाठी टायरात पाणी भर आणि गप चालव. ज्यांनी अलीकडं नवीन घेतलाय त्यांनी खरं काय ते सांगा, यूट्यूबचे रिव्ह्यू बघून डोकं उठलंय, सगळे कॅटलॉगच वाचून दाखवतात.

बांधावरचा

भाऊ मी घेतलाय, ४९ एचपी फोर व्हील. कंपनी लिहीत नाही, लिहिली की इथं लगेच लाल-निळा-हिरवा सुरू होतं आणि मूळ विषय राहतो बाजूला. सप्टेंबर २०२५ ला जीएसटी १२ चा ५ टक्के झाला, त्यानंतर उचलला, दोन सर्व्हिसिंग झाल्यात.

आधी चांगलं सांगतो. आमची जमीन नेवासा भागातली काळी, उन्हाळ्यात भेगा पडणारी. उसाचा खोडवा मोडताना दोन फाळी पलटी लावली, तर जुना टू व्हील जिथं चाक फिरवत जागेवर खड्डा करायचा तिथं हा मान खाली घालून निघून जातो. वाफसा थोडा कमी-जास्त असला तरी काम थांबत नाही, हा खरा फायदा, कारण पावसाळ्यात वाफशाचे दोनच दिवस मिळाले तर त्या दोन दिवसांचीच किंमत असते. रोटावेटर ६ फुटी आरामात, ७ फुटी पण ओढतो पण भारी जमिनीत गिअर खाली टाकावा लागतो मग उपयोग काय.

आता न आवडलेलं. बांधावर वळताना फोर व्हीलला जागा जास्त लागते, आमचे काही तुकडे अरुंद आहेत तिथं एकदा रिव्हर्स घेतल्याशिवाय वळतच नाही आणि पलटी मागं असताना नांगराच्या दर तासाला (ओळीला) ते करायचं म्हणजे माणूस वैतागतो. लिफ्टची (मागं अवजार उचलणारी) पण सवय करावी लागली. नांगराला ड्राफ्टचा लिव्हर आहे, ओढ वाढली की लिफ्ट आपोआप वर घेणारा, पण तो जास्त नाजूक ठेवला की जरा कडक जागा आली की नांगर वर, मऊ आली की खाली, तास सगळा वर-खाली होतो. लिव्हर थोडा थोडा सरकवत आपल्या जमिनीचा पॉईंट शोधावा लागतो, ते शोरूमचा पोरगा नाही शिकवत. रोटावेटर मात्र पोझिशनवरच (एका ठरलेल्या उंचीवर) चालवा.

डिझेल म्हणाल तर रोटावेटरला तासाला पाच-साडेपाच लिटर, पलटीला सहाच्या पुढं. विकणारा चार म्हणाला होता. चार लिटरमध्ये ट्रॉली घेऊन गावात जाऊन येणं होतं, नांगरट नाही. आणि गाडी दारात आली तेव्हा कबूल केलेलं हुड नाही, टॉपलिंक दुसऱ्याच मेकची, आरसी बुकासाठी महिनाभर उद्या या परवा या. जे ठरलं ते कोटेशनवर लिहून घ्या, तोंडी काही नको.

फाळवाला

मी उलट सांगणार. १४ एकरातली निम्मीच भारी, मग सव्वा लाख कशाला घालताय? मागच्या टायरात ७५ टक्के पाणी, पुढं बंपरला वजनं, आणि घेतानाच १३.६ ऐवजी १४.९ चे (जास्त रुंद) मागचे टायर मागून घ्या. आमचा टू व्हील ४७ एचपी याच्यावरच पलटी ओढतोय. फोर व्हील म्हणजे पुढचा एक्सल, त्याचे सील, त्याचं ऑइल, पुढचे मोठे टायर, सगळं पुढं जाऊन खर्चालाच येतं. उरलेल्या पैशात चांगला रोटावेटर येतो. भाताची चिखलणी करणारे असाल तर गोष्ट वेगळी, तिथं फोर व्हीलच पाहिजे.

ग्रीसगन

गॅरेज आहे माझं म्हणून दोन शब्द. फोर व्हीलचे पुढचे टायर मागच्यापेक्षा किंचित जास्त धावतील असंच गिअरिंग असतं, म्हणून डांबरी रोडवर लिव्हर काढून टू मध्ये चालवायचा. आमच्याकडं येणारे निम्मे जण कारखान्यापर्यंत उसाची ट्रॉली फोर मध्येच नेतात आणि मग टायर लवकर गेले म्हणून कंपनीला शिव्या. टायर बदलताना पण साईज मनानं बदलू नका.

दुसरं, ५० च्या वर जाऊ नका असं सगळे का म्हणतात तर १ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरला नवीन प्रदूषणाचे नियम लागले, ट्रेम फोर, त्यामुळं तिथं सीआरडीआय इंजिन (कॉम्प्युटर ठरवतो डिझेल किती सोडायचं), सेन्सर आणि तो कॉम्प्युटर म्हणजे ईसीएम आलं. इंजिन वाईट नाही, ओढायला उलट छानच, पण बिघडलं की लॅपटॉपवाला माणूस लागतो आणि डिझेल स्वच्छच लागतं. ४९ मधल्या बहुतेकांत साधा पंप आहे, तालुक्यातला मिस्त्री पण हात घालतो.

आणि नुसत्या एचपीवर जाऊ नका, पीटीओ (अवजार फिरवणारा मागचा दांडा) एचपी बघा, रोटावेटरला तीच मिळते. मध्यप्रदेशात बुदनीला सरकारी टेस्टिंग होतं, त्यांचे रिपोर्ट नेटवर सापडतात, त्यात पीटीओला किती ताकद निघाली, डिझेल किती लागलं सगळं असतं. लिफ्टचा आकडा पण तिथंच बघा, कॅटलॉगवाले लिंकच्या टोकाला उचललेलं वजन छापतात, ६१० मिलिमीटर मागं मोजलं की आकडा बराच खाली येतो. आणि पलटी, रोटावेटर ही अवजारं मागंच लांब लटकतात ना.

गोदाकाठ

लय भारी माहिती, धन्यवाद सगळ्यांना. बुदनीचं माहीतच नव्हतं. फाळवाले भाऊ, वडिलांना तुमचा मेसेज दाखवला, खूश झाले 😄 पण खोडवा आमच्याकडं पण मोडायचा असतो दरवर्षी, त्यामुळं मन अजून फोर व्हीलकडंच आहे. रिव्हर्स पीटीओचा खरंच उपयोग होतो का?

बांधावरचा

होतो, पण रोज नाही. रोटावेटरमध्ये पाचट नाहीतर ठिबकची नळी गुंडाळली की उलटा फिरवून मोकळं होतं, नाहीतर खाली पडून विळ्यानं कापत बसायचं. काही उरलंच तर इंजिन बंद करूनच हात घाला, आमच्या शेजारच्या वाडीत एकाची बोटं गेलीत. निव्वळ त्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नका, असला तर बरं.

डेमो घ्याल तेव्हा तुमच्या सगळ्यात भारी तुकड्यात घ्या, आणि अवजार त्यांचं नको, तुमचंच. ते आणतात तो रोटावेटर नवीन, पाती नवीन, कुठलाही ट्रॅक्टर त्यावर हलका वाटतो. टाकी गळ्यापर्यंत भरून सुरू करा, एकर झाल्यावर परत तितकीच भरा, म्हणजे डिझेल कळतं. आणि अनुदान घ्यायचं असेल तर महाडीबीटीवर (सरकारी योजनांचं पोर्टल) आधी अर्ज, मग पूर्वसंमती, मगच खरेदी. शोरूमवाला बिल आत्ता करू, अनुदान नंतर बघू म्हणेल, ऐकू नका, पूर्वसंमतीच्या आधीचं बिल चालत नाही.

फाळवाला

डेमोला वडिलांना पण न्या, ट्रॅक्टरवर त्यांनाच बसवा.