शब्दचर्चा : 'अनसर्टिफाइड' सिनेमा म्हणजे बंदी घातलेला का?

बर्डीकर : मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारचं जुनं राजपत्र मराठीत आणायचं आहे. हुकूम असा की, अमुक चित्रपट या प्रांतात 'अनसर्टिफाइड' समजावा. 'बंदी घातली' हे संपादकांनी खोडलं. 'अप्रमाणित' म्हटलं तर खातरजमाच झाली नाही असं वाटतं.

पाचपावली : संपादकांचं बरोबर. १९१८ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली १९२० मध्ये मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि रंगूनला सेन्सॉर मंडळं बसली; नागपूरला नाही. मुंबईचा दाखला इथे चालायचा. प्रांताला चित्रपट नको असला की राजपत्रात अधिसूचना काढून तो दाखला आपल्या हद्दीपुरता निकामी करायचा. घाईच असली तर आधी जिल्हा दंडाधिकारी, म्हणजे आपल्याकडचे डेप्युटी कमिशनर, तो स्थगित करत. म्हणून 'दाखला रद्द' हेही चूक. मुंबईत तो शाबूतच.

धरमपेठी : काहून इतका कीस पाडून राहिले? टॉकीजमध्ये शो लागत नाही, म्हणजे बंदी!

महालकर : 'परिनिरीक्षण' घ्या की. नाटकांचं सरकारी मंडळ 'रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ'च आहे.

पाचपावली : ते तपासणीचं नाव झालं, इथे निकालाचं हवं. शिवाय नाटक राज्याकडेच राहिलं. चित्रपटाला मंजुरी देणं मात्र राज्यघटनेच्या केंद्रसूचीत गेलं, नोंद ६०; राज्याकडे टॉकीजचं नियमन उरलं.

महालकर : मग 'प्रांतापुरता दाखला काढून घेतलेला'.

धरमपेठी : हे पोस्टरवर मावेल का? त्यापेक्षा सरळ 'कात्री' म्हणा.

मोमिनपुरा : कात्री निराळी. तिथे सिनेमा चालतो, तुकडा जातो. ३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम, सेकंदाला २४. म्हणजे ३० फूट कापले की २० सेकंद गेले. त्यात गोम अशी की, प्रिंटवर आवाज चित्राच्या साधारण २० फ्रेम पुढे छापलेला असतो. चित्र बघून कापलं तर शिवीची सुरुवात पुढच्या दृश्यावर ऐकू येते आणि पुढच्या संवादाचा पहिला शब्द गायब.

धरमपेठी : म्हणजे सेन्सॉरनं कापूनही शिवी राहिलीच?

मोमिनपुरा : पाऊण-एक सेकंद. निगेटिव्हवर चित्र नि आवाज वेगळे असतात, तिथे कापलं तर ही भानगड नाही. वाटलेल्या प्रिंटांवर कात्री चालली की हमखास.

बर्डीकर : ते ठीक, पण राजपत्रात काय लिहू?

महालकर : 'परिनिरीक्षण' नकोच का?