मदत हवी आहे: आंजनेरीजवळ शांत रान जपायचंय

मंडळी, त्र्यंबक रस्त्याला आंजनेरीच्या पायथ्याशी आमची थोडी मुरमाड जमीन आहे. तिथे रिसॉर्ट नको, रानच हवंय. एक कुडाची खोली, बाकी झाडं, पाखरं, शांतता. करवंदाच्या जाळ्या आहेत, जुना उंबर आहे; फळं पिकली की हरियल आणि तांबट पक्षी तिथून हलत नाहीत.

गिरिपुष्प लावा, भराभर वाढतं, असं सगळे सांगतात. ते मेक्सिकोकडचं झाड, मला नकोच. हिरडा, बेहडा, करंज, पळस यांची खात्रीची रोपं नाशकात कुठे मिळतील? मार्चनंतर जमीन कोरडीठाक पडते, तेव्हा रोपं कशी जगवलीत? वणवा अडवायला जाळरेषा (गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा) किती रुंद ठेवावी? आणि गुरं अडवायला तारेऐवजी काटेरी सागरगोट्याचं कुंपण पुरेल का?