लॅपटॉप तापून अचानक बंद पडतो: रॅम बदलू की विंडोज पुन्हा टाकू?

निळीशाई

नमस्कार. माझा लॅपटॉप साधारण पाच वर्षं जुना आहे. कोअर आय 5, 8 जीबी रॅम, 256 जीबी एसएसडी. व्हिडिओ कॉल सुरू असताना किंवा मोठी एक्सेल शीट उघडली की पंखा घोंघावायला लागतो, खालची बाजू हात ठेवता येणार नाही इतकी तापते आणि थोड्या वेळात लॅपटॉप धाडकन बंद. निळी स्क्रीन नाही, काही मेसेज नाही. लगेच चालू केला तर पुन्हा बंद पडतो, अर्धा तास तसाच ठेवला की व्यवस्थित चालतो. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजची घडामोडींची नोंदवही) प्रत्येक वेळी 'कर्नल पॉवर 41' अशी नोंद दिसते. दिवसभर चार्जर लावूनच काम करते.

रॅम बदलावी की विंडोज नव्याने टाकावं? जाता जाता, टचपॅडचं क्लिकही हल्ली कडक झालंय, डावीकडे दाबलं तर लागतच नाही. पण माउस आहे, त्यामुळे त्याचं एवढं काही नाही.

रात्रपाळी

आधी डेटाचा बॅकअप घ्या आणि विंडोज रिसेट करून बघा. नाही जमलं तर रॅम काढून, तिचे सोनेरी पिन पुसून परत बसवा. माझ्याकडे हँग होणारी मशीन त्यानेच सुधारली होती.

टेस्टबेंच

बॅकअप घ्याच, पण विंडोज आणि रॅम सध्या बाजूला ठेवा. निळीशाई, तुम्ही शेवटी जे सहज लिहिलंत ना, टचपॅडचं, तिथून सुरुवात करायची. बहुतेक लॅपटॉपमध्ये टचपॅडच्या बरोबर खाली बॅटरी असते. क्लिक व्हायला टचपॅडला खाली दबायला जागा लागते. बॅटरी फुगली की ती जागा संपते आणि क्लिक कडक होतं. मी दुरुस्तीच्या टेबलावर बसतो आणि 'टचपॅड खराब झालाय' म्हणून आलेल्या मशीनची बॅटरी आधी बघतो.

तपासणी अशी करा. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा. काचेच्या किंवा अगदी सपाट टेबलावर ठेवा आणि चारही कोपरे एकेक करून हलके दाबा. डुगडुगतो का? मग स्टीलची पट्टी टचपॅडवर आडवी, धारेवर उभी धरा आणि मागून मोबाइलचा टॉर्च मारा. पट्टी मधे टेकून दोन्ही टोकांखालून उजेड आला, तर टचपॅड वर उचललेला आहे. खालच्या कव्हरची फट एका बाजूला रुंद झाली असेल तर तीही खूण.

यातलं काहीही दिसलं तर यापुढे चार्जर लावायचा नाही. बॅटरीत आतल्या रसायनाचं विघटन होऊन वायू साठलेला असतो. ती दाबायची नाही, टोचायची नाही, वाकवायची नाही. उष्णता आणि कायम 100 टक्के चार्ज, या दोन्हींनी बॅटरी लवकर खराब होते आणि तुमच्याकडे दोन्ही आहेत.

आता बंद पडण्याचं. रॅम बिघडली तर बहुतेक वेळा निळी स्क्रीन येते, मशीन गोठते किंवा सुरूच होत नाही. तापल्यावर बंद आणि गार झाल्यावर ठीक, ही लक्षणं उष्णतेचीच. प्रोसेसर ठरावीक तापमानाला, बऱ्याच मॉडेलमध्ये 100 अंशांच्या आसपास, आधी स्वतःचा वेग कमी करतो. तरीही ताप आवरला नाही तर मशीन स्वतःच वीज तोडते. 'कर्नल पॉवर 41' एवढंच सांगतं की मागच्या वेळी विंडोज रीतसर बंद झालं नव्हतं. का, ते त्यातून कळत नाही. त्या नोंदीवरून लोक महागडे पार्ट बदलत सुटतात, मला फार वाईट वाटतं.

निळीशाई

पट्टीच्या दोन्ही टोकांखालून स्पष्ट उजेड दिसला! ऑफिसातल्या जाणकार सहकाऱ्याला सोबत घेऊन खालचं कव्हर उघडलं. बॅटरीचे तीन सेल आहेत, मधला उशीसारखा टम्म. पंखाही दिसतोय, पण तो तर स्वच्छ वाटतो. आता?

टेस्टबेंच

छान केलंत. बॅटरीचा कनेक्टर प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीने सुटा करा, वायरी ओढू नका. स्क्रू काढून बॅटरी बाहेर घ्या. खाली चिकटपट्टीने बसवलेली असेल तर धातूच्या वस्तूने उचकटू नका, ते काम दुरुस्तीवाल्याकडे द्या. काढलेली बॅटरी कागद-कपड्यांपासून लांब, हवेशीर जागी ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. घरच्या कचऱ्यात अजिबात नाही.

पंखा वरून स्वच्छच दिसतो. धूळ साचते ती पंखा आणि हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा धातूचा भाग) बारीक पात्या यांच्या मधे. पंख्याचे स्क्रू काढून तो बाजूला घ्या. पात्यांच्या तोंडावर राखाडी नमद्यासारखी अख्खी पट्टी निघेल, चिमट्याने सोलून काढता येते. बाहेरून जाळीत हवा मारून ती निघत नाही, आत आणखी घट्ट बसते. नंतर ब्रश फिरवा. हवा मारायची असेल तर पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरून बेअरिंग जातं.

पाच वर्षांत प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्या मधली, उष्णता पोचवणारी थर्मल पेस्टही वाळलेली असणार. हीटसिंकच्या स्क्रूंजवळ 1, 2, 3, 4 असे आकडे असतात: काढताना उलट्या क्रमाने, बसवताना सरळ क्रमाने, थोडे थोडे आवळत. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि नवी अशी लावा की प्रोसेसरच्या चिपचा पूर्ण पृष्ठभाग पातळ थराने झाकला जाईल. शेजारच्या चिपवर मऊ रबरी पॅड असतील तर ते जपा. त्यांच्या जागी पेस्ट चालत नाही, कारण पॅड तिथली फट भरतो आणि पेस्टने ती भरत नाही.

पानाफुली

एक पुरवणी. स्क्रूंची लांबी सारखी नसते. लांब स्क्रू आखूड जागेत घातला तर आतून बोर्डाला किंवा वरच्या कव्हरला लागतो. कोऱ्या कागदावर लॅपटॉपचा चौकोन काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टोचून ठेवा.

निळीशाई

ती राखाडी पट्टी खरंच सबंध निघाली, करंगळीएवढी लांब. पेस्ट सहकाऱ्याने लावली. आता बॅटरीशिवाय, नुसत्या चार्जरवर चालवतेय. तासभर कॉल झाला, तापमान 78 अंशांवर स्थिर. फक्त थोडा मंद वाटतो. नवी बॅटरी येईपर्यंत असं चालवलं तर चालेल का?

टेस्टबेंच

बहुतेक मॉडेल चालतात. मंदपणाही समजण्यासारखा आहे: एकदम जास्त वीज लागते तेव्हा बॅटरी चार्जरला हातभार लावते, ती नसली की काही मशीन प्रोसेसरचा वेग मुद्दाम कमी ठेवतात. मात्र वायर निसटली की मशीन त्या क्षणी बंद, म्हणून फाइल सतत सेव्ह करत राहा.

नवी बॅटरी घेताना जुनीवरचा पार्ट नंबर आणि व्होल्टेज जुळवून घ्या. बसवल्यावर बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणारी मशीनची मूळ सेटिंग) किंवा कंपनीच्या अॅपमध्ये चार्ज 80 टक्क्यांवर थांबवायची सोय आहे का बघा. तुम्ही दिवसभर चार्जरवरच असता, तुमच्यासाठी ती सोय पहिल्या दिवसापासून चालू हवी.