मनगटातून अँजिओग्राफी करताना आढळलेला धमनीचा ‘लूप’

प्रश्न:
नमस्कार. माझ्या आईची (वय ६८, उच्च रक्तदाब) गेल्या महिन्यात अँजिओग्राफी झाली. उजव्या मनगटातून सुरुवात केली होती. परंतु कोपराजवळ वायर अडली, आईला हातात जोराची कळ आली, आणि डॉक्टरांनी तेथेच थांबून जांघेतून तपासणी पूर्ण केली. ‘हाताच्या धमनीत लूप आहे’ एवढेच आम्हाला सांगण्यात आले. तेव्हापासून आई उजव्या हाताने पाण्याची कळशी उचलायलाही बिचकते. हा लूप जन्मतः असतो का, त्यामुळे हाताला धोका आहे का, आणि पुढे स्टेंट टाकण्याची वेळ आली तर मनगटाचा मार्ग बंद झाला असे समजायचे का?

प्रतिसाद (हृदयरोगतज्ज्ञ):
आईंना निःशंकपणे कळशी उचलू द्या. मनगटाची जखम भरली असेल आणि हाताला सूज वा मुंग्या नसतील, तर लूपमुळे, म्हणजे धमनीने घेतलेल्या पूर्ण गोल वळणामुळे, हाताच्या रक्तपुरवठ्यात काही उणे पडत नाही. अडचण होते ती फक्त आम्हाला, कॅथेटर (तपासणीची बारीक नळी) वर नेताना.

अशी वेगळी रचना दुर्मिळ नाही. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या १५४० रुग्णांच्या एका ब्रिटिश अभ्यासात १३.८ टक्के रुग्णांच्या रेडियल धमनीत (मनगटात अंगठ्याच्या बाजूला येणाऱ्या धमनीत) काही ना काही वेगळेपण आढळले. त्यांपैकी सर्वांत जास्त, म्हणजे एकूण रुग्णांच्या ७ टक्के जणांमध्ये, ही धमनी कोपराखाली न फुटता दंडातच वर फुटलेली होती. पूर्ण लूप २.३ टक्के जणांत होता. पण मनगटातून तपासणी फसण्याचे प्रमाण त्यांच्यात सर्वाधिक, सुमारे ३७ टक्के होते.

लूपच्या माथ्यावरून एक बारीक शाखा वर जाते आणि सरळ पुढे सरकणारी वायर मुख्य धमनीचे वळण सोडून नेमकी तिच्यात शिरते. तेथे जोर लावला तर शाखा फाटून कोपरापाशी रक्त साचते, आणि ते वेळीच लक्षात आले नाही तर हातावर शस्त्रक्रिया करण्याची पाळी येऊ शकते. म्हणून अडथळा जाणवताच थांबून थोडा डाय (क्ष-किरणांत धमनी दिसावी म्हणूनचे औषध) सोडून चित्र पाहावे, हा नियम मी प्रत्येक शिकाऊ डॉक्टरला पहिल्याच दिवशी सांगतो. आपल्या डॉक्टरांनी थांबून योग्यच केले.

प्रतिसाद (कॅथ लॅब तंत्रज्ञ):
सरांच्या म्हणण्यात एक भर घालतो. पडद्यावर लूप दिसला की बहुतेक वेळा जाड वायर काढून ०.०१४ इंचाची मऊ वायर मागितली जाते. ती वळणातून पार गेली की मागोमाग कॅथेटर नेऊन हलकेच मागे ओढतात आणि लूप सरळ होतो. त्या क्षणी रुग्णाला कळ येते, म्हणून आधी वेदनाशामक आणि धमनी सैल करणारे औषध देतात. धमनी फारच बारीक असेल किंवा आकसून कॅथेटरला घट्ट धरू लागली, तर हट्ट न धरता मार्ग बदलणेच बरे.

प्रतिसाद (शरीररचनाशास्त्राच्या अध्यापिका):
लूप बहुधा जन्मजात असतो; वय आणि रक्तदाब यांमुळे धमनीची नागमोडी वळणे वाढतात, ती बाब वेगळी. गर्भाच्या हातात सुरुवातीला अनेक वाहिन्यांचे जाळे असते, त्यातील काही विरून जातात आणि काही टिकतात. विरून जाणारी वाहिनी टिकून राहिली की धमनी दंडातच फुटलेली दिसते. विच्छेदनाच्या टेबलावर असा हात आला की मी सगळ्या विद्यार्थ्यांना जवळ बोलावते, कारण अशी धमनी कधीकधी कोपराच्या खळग्यात त्वचेच्या अगदी खाली असते आणि शीर समजून तिच्यात इंजेक्शन दिले गेले तर बोटांवर बेतू शकते. दोन्ही हातांची रचना सारखीच असेल असे नाही, त्यामुळे पुढच्या वेळी डाव्या मनगटाचा विचार अवश्य व्हावा.

प्रश्नकर्ता:
आपणा सर्वांचे मनापासून आभार. डिस्चार्जचा कागद पुन्हा वाचला. त्यात ‘जांघेतून तपासणी’ एवढेच लिहिले आहे, लूपचा उल्लेख कोठेही नाही. तो कोणत्या हातात आणि कोठे आहे, हे लिहून घेण्यासाठी सोमवारी आईला घेऊन डॉक्टरांकडे जात आहे, आणि हाताची चित्रफीतही मागून घेईन.